फ्लॉरेन्सचे संदेष्टे : फ्रा जिरोलामो सवोनारोला

देवाने मला नेमले आहे, असे सांगणारी माणसे प्रत्येक काळात उभी राहतात. बायबलमधील संदेष्ट्यांना मात्र हे काम नकोसे होते असे दिसते. मोशेने आपल्या जड जिभेची सबब सांगितली, यिर्मयाने कोवळ्या वयाची, आणि योना तर सरळ जहाजात बसून उलट दिशेला पळाला. मग जो माणूस स्वतःहून पुढे येतो आणि मी देवाचा निरोप घेऊन आलो आहे असे म्हणतो, त्याचा स्वभाव कसा असतो? आपण चटकन म्हणतो, ढोंगी असेल, पैशासाठी करत असेल. तसे काही असतातही. त्यांना ओळखणे फारसे अवघड नसते. देणगी कोठे जाते ते पाहिले की पुरते. अवघड असतो तो प्रामाणिक माणूस. जो उपास करतो, फाटका झगा घालतो, रात्र रात्र प्रार्थनेत घालवतो आणि तरीही कुठेतरी वाट चुकतो, त्याचे काय करायचे? अशाच एका व्रतस्थ धर्मगुरूची ही कथा आहे. पाचशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्यांच्याविषयी ख्रिस्तसभेत एकमत झालेले नाही.

जिरोलामो सवोनारोला यांचा जन्म २१ सप्टेंबर १४५२ रोजी उत्तर इटलीतील फेरारा शहरात झाला. आजोबा मिकेले हे नामांकित वैद्य होते, तेथील राजघराण्याचेही वैद्य. नातवाने डॉक्टर व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. मुलगा हुशार, पण अबोल. खेळात, नाचगाण्यात मन रमेना. आजोबांनी त्याच्या मनावर बायबल आणि कडक नीतिनियम बिंबवले होते. तारुण्यात शेजारच्या स्ट्रोझी घराण्यातील एका मुलीला त्याने मागणी घातली आणि तिने घराण्याचा मोठेपणा दाखवून ती धुडकावली, असे त्याच्या भावाने पुढे सांगितल्याची नोंद आहे. वयाच्या विशीतच त्याने जगाच्या नाशावर एक कविता लिहिली. शहरातील ऐषआराम, दरबारातील थाट, चर्चमधील पदांचा बाजार हे सारे त्याला सहन होत नव्हते.

२४ एप्रिल १४७५ रोजी, संत जॉर्जच्या सणाच्या गडबडीत, हा तेवीस वर्षे पूर्ण न झालेला तरुण कोणाला न सांगता घराबाहेर पडला आणि बोलोन्याला जाऊन डॉमिनिकन संघाच्या मठात दाखल झाला. वडिलांना त्याने पत्र लिहिले. जगाचा दुष्टपणा मला पाहवत नाही, हाच त्या पत्राचा सूर. आईवडिलांचा निरोप घेण्याचे धैर्य त्याला झाले नाही, हेही त्याने त्यात कबूल केले.

वसईच्या किल्ल्यात ज्या संघाच्या चर्चचे भग्न अवशेष आजही उभे आहेत, तोच हा डॉमिनिकन संघ. प्रवचन हे त्यांचे मुख्य कार्य. फ्रा जिरोलामो (फ्रा म्हणजे धर्मबंधू) १४८२ मध्ये फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात शिकवण्यासाठी आले. पण गंमत पाहा, ज्यांच्या प्रवचनांनी पुढे सारे शहर हादरले, ते सुरुवातीला प्रवचनकार म्हणून साफ अपयशी ठरले. त्यांचे बोलणे रुक्ष, उच्चार फेरारा वळणाचे, हातवारे बेढब. फ्लॉरेन्सच्या सुशिक्षित लोकांना गोड, अलंकारिक भाषा हवी होती. सान लोरेन्झो चर्चमधील उपवासकाळाच्या प्रवचनांना शेवटी बोटांवर मोजण्याइतकेच श्रोते उरले. आपल्याला बोलता येत नाही, असे त्यांचे स्वतःचेही मत झाले होते.

मग काय बदलले? १४८५ आणि १४८६ च्या उपवासकाळात सान जिमिन्यानो या डोंगरावरच्या गावात त्यांनी तीन गोष्टी सांगायला सुरुवात केली: ख्रिस्तसभेला शिक्षा होणार, त्यानंतर तिचे नूतनीकरण होणार, आणि हे सारे लवकरच होणार. आधी ते म्हणत की पवित्र शास्त्र वाचून मी हा निष्कर्ष काढला आहे. पुढे मात्र त्यांनी उघड केले की देवाने हे मला थेट दाखवले, तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून मी ते शास्त्राच्या आड लपवून सांगत होतो. या दोन वाक्यांतील अंतर केवढे मोठे आहे! शास्त्राचा अर्थ सांगणाऱ्याला कोणीही विचारू शकतो, फादर, तुमचा अर्थ बरोबर कशावरून? देवाने थेट सांगितले म्हणणाऱ्याला असे विचारायची सोय राहत नाही.

तरीही त्यांनी स्वतःला आवर घालण्याचा प्रयत्न केला होता. १४९१ च्या उपवासकाळात त्यांनी ठरवले की यापुढे दृष्टान्तांविषयी बोलायचे नाही. पण दुसरे काही बोलायला घेतले की त्यांना ते बेचव वाटे. एका शनिवारी रात्रभर ते जागे राहिले आणि पहाटे प्रार्थनेत त्यांना अशी वाणी ऐकू आली की देवाला तू हेच सांगायला हवे आहेस. त्या सकाळचे त्यांचे प्रवचन भयंकर झाले. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ती खोटी आहे असे मला वाटत नाही. पण ज्या बोलण्याने माणसाला पहिल्यांदा श्रोते मिळाले, तेच सोडणे त्याला किती जड जात असेल, हेही त्यात दिसते.

१४९० मध्ये ते फ्लॉरेन्सला परतले होते. त्यांना बोलावून घेतले ते शहराचा अनभिषिक्त राजा लोरेन्झो दे मेदिची याने, आपला विद्वान मित्र पिको देल्ला मिरान्दोला याच्या आग्रहावरून. १ ऑगस्ट १४९० रोजी त्यांनी सान मार्कोत प्रकटीकरणाच्या पुस्तकावर बोलायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी गर्दी इतकी झाली की कॅथेड्रलमध्ये जावे लागले. जुलै १४९१ मध्ये ते मठाधिपती झाले. नव्या मठाधिपतीने मेदिची घराण्याला भेटून आभार मानावे अशी रीत होती. ते गेले नाहीत. माझी नेमणूक देवाने केली, लोरेन्झोने नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र ८ एप्रिल १४९२ रोजी लोरेन्झो वारला, त्याआधी त्याच्या बोलावण्यावरून ते त्याच्या मृत्युशय्येजवळ गेले. त्यांनी त्याला आशीर्वाद नाकारला अशी कथा पुढे पसरली. पण तेथे हजर असलेल्या पोलित्सियानो या कवीने लिहून ठेवले आहे की त्यांनी धीर दिला आणि आशीर्वादही दिला.

मठात त्यांनी केलेले काम मोलाचे होते. मालमत्ता विकली, साधे कपडे, साधे जेवण, अभ्यास आणि श्रम. इतरांना सांगितले ते स्वतः आधी केले. पन्नासच्या आसपास धर्मबंधू असलेल्या मठात काही वर्षांत दोनशेच्या वर झाले. त्यांत फ्लॉरेन्सच्या मोठ्या घराण्यांतील मुलगेही होते.

मग १४९४ साल उजाडले. देवाची तलवार इटलीवर उतरणार, आल्प्स पर्वत ओलांडून एक नवा कोरेश राजा येणार, असे ते सांगत होते. सप्टेंबरमध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स खरोखरच सैन्य घेऊन इटलीत उतरला. २१ सप्टेंबर रोजी नोहाच्या महापुरावरचे त्यांचे प्रवचन ऐकताना पिकोच्या अंगावर काटा आला होता. लोरेन्झोचा मुलगा पिएरो घाबरून राजाला किल्ले देऊन बसला. संतापलेल्या शहराने ९ नोव्हेंबरला मेदिची घराण्याला हाकलून दिले. सवोनारोला राजाला जाऊन भेटले. १७ नोव्हेंबरला फ्रेंच सैन्य फ्लॉरेन्समध्ये शिरले आणि अकरा दिवसांनी शहर न लुटता निघून गेले. लोकांच्या नजरेत आता शंकेला जागाच उरली नाही. या माणसाने आधी सांगितले, तसेच झाले, आणि याच्यामुळे आपण वाचलो.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा धोक्याचा दिवस हाच. भाकीत खोटे ठरले असते तर ते पुन्हा साधे धर्मबंधू झाले असते.

राजा नसलेल्या शहराला त्यांनी राज्यव्यवस्था सुचवली. कोणतेही पद त्यांनी घेतले नाही, पण कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून सांगितलेले अनेकदा कायदा होई. डिसेंबर १४९४ मध्ये महामंडळ म्हणजे नागरिकांची मोठी परिषद स्थापन झाली आणि तिच्यासाठी प्रचंड सभागृह बांधले गेले. राजकीय गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला या परिषदेकडे दाद मागता येईल असा कायदा मार्च १४९५ मध्ये झाला. गरिबांना अल्प व्याजाने कर्ज देणारी गहाणपेढी निघाली. तिच्याबरोबरच ज्यू सावकारांना शहराबाहेर घालवण्याचा ठरावही आला, हे आज वाचताना खटकते. येशू ख्रिस्त हाच फ्लॉरेन्सचा राजा, असे जाहीर झाले. फ्लॉरेन्स ही नवी यरुशलेम होणार, आणि शहर पूर्वीपेक्षा श्रीमंत, सामर्थ्यवान आणि वैभवशाली होणार, असे वचनही त्यांनी दिले. पश्चात्तापाच्या उपदेशात हे श्रीमंतीचे आश्वासन कोठून आले? मला वाटते, लोकांना जे ऐकायचे असते ते देवाच्या नावाने सांगण्याचा मोह भल्याभल्यांनाही सुटत नाही.

त्यांनी मुलांची पथके उभारली. पूर्वी कार्निव्हलमध्ये दगडफेक करणारी ही पोरे आता भजने गात गरिबांसाठी पैसे गोळा करू लागली. हे चांगलेच झाले. पण तीच मुले घरोघरी जाऊन चैनीच्या वस्तूही मागू लागली. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, मुख्य चौकात मुखवटे, पत्ते, फासे, आरसे, टोप, अत्तरे, वाद्ये, पुस्तके आणि चित्रे यांचा डोंगर रचून पेटवण्यात आला. बोत्तिचेल्ली या थोर चित्रकाराने आपली चित्रे त्या होळीत टाकली असे सांगतात, पण त्याला खात्रीचा पुरावा नाही. शहरात आता दोन तट पडले. त्यांच्या अनुयायांना विरोधक रडके म्हणून चिडवत. मुलगा बापाच्या घरातील वस्तूंचा हिशेब ठेवू लागला, तर त्या घरात शांती कशी राहील?

इकडे रोममध्ये १४९२ पासून सहावे अलेक्झांडर पोप होते. त्यांच्याविषयी लपवण्यासारखे काही उरलेले नाही. त्यांना मुले होती, आणि त्या मुलांसाठी त्यांनी पदे व राज्ये मिळवली. ख्रिस्तसभेला सुधारणेची गरज आहे, हे सवोनारोलांचे म्हणणे अगदी खरे होते. म्हणूनच हे प्रकरण सोपे नाही. चांगल्या पोपने वाईट धर्मगुरूला शिक्षा केली असती तर ही कथा लिहायचे कारणच नव्हते.

जुलै १४९५ मध्ये पोपनी त्यांना सौम्य शब्दांत रोमला बोलावले, आपल्याला होणारे साक्षात्कार समजावून सांगण्यासाठी. आजारपण आणि वाटेतील धोका सांगून ते गेले नाहीत. उलट त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपल्या साक्षात्कारांवर एक पुस्तक छापले. त्यात एक सोंग घेतलेला सैतान त्यांना प्रश्न विचारतो: हे तुझ्या मनाचे खेळ तर नाहीत? तू लोकांना फसवत तर नाहीस? ग्रहताऱ्यांवरून तर सांगत नाहीस? ते एकेकाला उत्तर देतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की शंका त्यांना माहीत होत्या. पण त्यांनी त्या सैतानाच्या तोंडी घातल्या. एकदा शंका घेणारा तो सैतानाचा, असे ठरले की जवळचा मित्रही मोकळेपणाने बोलू शकत नाही.

प्रवचनावर बंदी आली. ती त्यांनी काही काळ पाळली, मग पुन्हा बोलू लागले. सान मार्को मठ नव्या प्रांतात सामील करण्याचा पोपचा आदेश त्यांनी मानला नाही. १३ मे १४९७ रोजी त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले आणि १८ जूनला ते पत्र फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये वाचले गेले. अन्यायाने घातलेला बहिष्कार देवासमोर टिकत नाही, असे त्यांचे उत्तर होते. हे म्हणणे धर्मशास्त्रात अगदीच निराधार नाही. पण अन्याय झाला की नाही हे ठरवणार कोण? त्यांच्या बाबतीत तेही तेच ठरवत होते. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्याच जूनमध्ये पोपच्या मुलाचा रोममध्ये खून झाला, तेव्हा बहिष्कृत सवोनारोलांनी पोपना सांत्वनाचे पत्र लिहिले.

ऑगस्ट १४९७ मध्ये त्यांची कसोटी लागली, आणि माझ्या दृष्टीने या आयुष्यातील सर्वांत काळा डाग तो आहे. मेदिचींना परत आणण्याच्या कटात पाच प्रतिष्ठित नागरिक पकडले गेले. त्यांत बेर्नार्दो देल नेरो हे वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी परिषदेकडे दाद मागण्याचा हक्क मागितला. ज्या सुधारणांसाठी सवोनारोलांनी प्रवचने दिली होती, त्यांतूनच मिळालेला हा हक्क. त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी तो नाकारला आणि पाचही जणांचा शिरच्छेद झाला. जो माणूस पोपसमोर गप्प बसला नव्हता, त्याने आपल्या माणसांसमोर आवाज उठवला नाही. शहरातल्या लोकांनी हे पाहिले आणि ते विसरले नाहीत.

११ फेब्रुवारी १४९८ रोजी बंदी झुगारून ते पुन्हा कॅथेड्रलमध्ये उभे राहिले. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पवित्र ख्रिस्तशरीर हातात धरून लोकांसमोर प्रार्थना केली की मी खोटा असेन तर आकाशातून अग्नी पडून मी भस्म होवो. अग्नी पडला नाही. पण देवाला असे उत्तर द्यायला लावणाऱ्या माणसाकडे लोक आणखी चमत्कार मागू लागतात. त्या दिवसांत अठ्ठावीस वर्षांच्या मॅकियाव्हेलीने त्यांची प्रवचने ऐकली आणि एका पत्रात लिहिले की हा माणूस काळाप्रमाणे बोलण्याचा रंग बदलतो. ते मत फार कठोर आहे. सोंग असते तर त्यांना रोमशी तडजोड करून सुखाने जगता आले असते. तशी संधी होती.

पोपनी आता साऱ्या शहरावर संस्कारबंदी घालण्याची धमकी दिली. व्यापारी घाबरले. १८ मार्चला प्रवचने थांबली. अशा वेळी एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने आव्हान दिले की सवोनारोला खरे असतील तर अग्निदिव्य करू. स्वतः सवोनारोलांना हे पसंत नव्हते, पण त्यांचे निष्ठावान सहकारी फ्रा दोमेनिको यांनी ते उत्साहाने स्वीकारले आणि गुरूंनी त्यांना थांबवले नाही. ७ एप्रिल १४९८ रोजी चौकात लाकडांची लांबलचक रास रचली होती, मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवून. शहर लोटले. दोन्ही संघांत वाद सुरू झाला: अंगावर कोणता झगा असावा, हातात क्रूस न्यावा की नाही, ख्रिस्तशरीर आगीत नेणे योग्य का? तास गेले. पाऊस आला. संध्याकाळी सगळे रद्द झाले. उपाशीतापाशी दिवसभर उभी असलेली गर्दी चमत्कार न पाहता घरी परतली, आणि राग सगळा सवोनारोलांवर निघाला. त्यांचा नवा कोरेश, राजा चार्ल्स, नेमका त्याच दिवशी फ्रान्समध्ये मरण पावला.

दुसरा दिवस झावळ्यांच्या रविवारचा. जमावाने सान मार्को मठावर हल्ला केला. काही धर्मबंधूंनी शस्त्रे हाती घेतली. रात्री सवोनारोलांनी स्वतःला अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले.

तुरुंगात हात मागे बांधून दोरीने वर ओढायचे आणि एकदम खाली सोडायचे, असा छळ त्यांच्यावर पुन्हा पुन्हा झाला. त्यात त्यांनी मी संदेष्टा नाही, मानासाठी हे केले, असे कबूल केले. मग ते मागे घेतले. पुन्हा छळ झाला, पुन्हा कबुली. लिहून घेणाऱ्या कारकुनाने कबुलीत फेरफार केल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे तिच्यावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. १९ एप्रिलला ती परिषदेच्या सभागृहात वाचली गेली, त्यांच्याच आग्रहातून उभ्या राहिलेल्या. श्रोत्यांत लुका लान्दुच्ची नावाचा एक साधा औषधविक्रेता होता. तो रोजनिशी लिहीत असे. त्याने मनापासून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, फ्लॉरेन्स नवी यरुशलेम होईल अशी वाट पाहिली होती. सारे एका खोट्यावर उभे होते हे ऐकून त्याचे काळीज फाटले. मॅकियाव्हेलीचे काही बिघडले नाही. लान्दुच्चीसारख्यांचे बिघडले.

छळानंतर मिळालेल्या काही दिवसांच्या उसंतीत सवोनारोलांनी कोठडीत ५१ व्या स्तोत्रावर मनन लिहिले. त्यात तलवार नाही, नवी यरुशलेम नाही, भाकीत नाही. आकाश आणि पृथ्वी दोघांसमोर लाजलेला एक पापी माणूस देवाची दया मागतो आहे, एवढेच आहे.

२३ मे १४९८ रोजी त्यांना, फ्रा दोमेनिको आणि फ्रा सिल्वेस्त्रो यांच्यासह, त्याच चौकात फाशी देऊन जाळण्यात आले. त्या सकाळी तिघांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले. पोपनी पाठवलेली पापदंडाची पूर्ण माफीही त्यांनी नम्रपणे घेतली. धर्मगुरूचा झगा उतरवणारे बिशप पूर्वी त्यांच्याच मठातील होते. कोणी अवशेष जपून ठेवू नयेत म्हणून राख आर्नो नदीत टाकण्यात आली.

तरी आठवण राहिली. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेले संत फिलिप नेरी सान मार्कोच्या धर्मबंधूंकडे शिकले होते. त्यांनी सवोनारोलांचे चित्र आपल्या खोलीत जपले. संत कॅथरिन दे रिची त्यांना संत मानत. चौथे पॉल पोप असताना त्यांच्या लिखाणाची कसून तपासणी झाली; काही प्रवचनांवर बंदी आली, पण त्यांना पाखंडी ठरवले गेले नाही. दुसरीकडे मार्टिन ल्यूथर यांनी १५२३ मध्ये त्यांचे मनन छापून त्यांना आपले पूर्वसूरी म्हटले, जे स्वतः सवोनारोलांना मान्य झाले नसते. बहिष्कृत असतानाही त्यांनी सात संस्कारांचे आणि ख्रिस्तसभेचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला होता. त्यांना धन्यवादित घोषित करावे यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉमिनिकन संघात प्रयत्न झाले. ते तडीस गेलेले नाहीत.

सान मार्को मठात त्यांच्या खोल्या आजही दाखवतात, आणि दरवर्षी २३ मे रोजी चौकातील गोल दगडावर लोक फुले वाहतात. त्यांच्या भाकितांची पुस्तके आता अभ्यासकच उघडतात. ५१ व्या स्तोत्रावरचे मनन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर लगेच छापले गेले, अनेक भाषांत गेले, आणि त्यांच्या नावाशी काही देणेघेणे नसलेल्या घरांतूनही वाचले गेले. ३१ व्या स्तोत्रावरचे मननही त्यांनी सुरू केले होते. ते तिसऱ्या ओवीपाशी अपुरे राहिले.